नऊ वाव, वाळूचा तळ

मी आयुष्यभर लेबलं लिहिली. लोक कादंबऱ्या लिहितात, निदान तक्रारी तरी लिहितात; मी लेबलं. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, समुद्री जीवांच्या विभागात, छत्तीस वर्षं. माझं सर्वांत मोठं लेखन सात ओळींचं आहे आणि ते वाचायला भिंग लागतं.

हसू नका, काम जोखमीचं असतं. बोटभर लांबीची काचेची नळी, नळीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये नमुना आणि नमुन्याशेजारी, नळीच्या आतच, नखाएवढा कागद. त्यावर तीन गोष्टी: कुठे सापडला, कधी सापडला, कोणाला सापडला. बाहेरून चिकटवलेलं लेबल आज ना उद्या गळून पडतं, म्हणून ते आत. पहिल्याच दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी, सरांनी, मला नियम सांगितला होता. नमुना हरवला तर लेबल जपून ठेवायचं. लेबल हरवलं तर नमुना फेकून द्यायचा, मग तो कितीही देखणा असो. "कुठला आहे हे माहीत नसलेली वस्तू फक्त खोटं बोलू शकते," असं ते म्हणाले होते. मला वाटलं, काय विक्षिप्त माणूस आहे.

तो नियम मी एकदा मोडला. त्याचीच ही हकिकत. ती तोंडातून बाहेर पडायला तीस वर्षं लागली, तेव्हा आता आडवळणं घेत नाही.

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. बायको त्याच्याही आधी गेली होती. गुडघे कुरकुरत होते, शेजाऱ्यांशी भांडणं उकरून काढायची सवय लागली होती. एकूण बरं चाललं होतं. एक दिवस भिंगरीचा फोन आला. भिंगरी म्हणजे सरांची मुलगी. लहानपणी विभागातल्या फिरत्या स्टुलावर बसून गरागरा फिरायची, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता ती बेचाळीस वर्षांची आहे, वडिलांच्याच खुर्चीत बसते, नवे लोक तिला टरकून असतात. मला मात्र अजून लेबलकाकाच म्हणते.

"लेबलकाका, बाबांचं अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागत नाही. रोज दोन तास या ना. त्यांचं ते राहिलेलं काम मी पुरं करतेय."

'ते काम' म्हटल्यावर मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण सुचेना, आणि जे कारण होतं ते सांगता येईना. गेलो.

ते काम म्हणजे एका जीवाचं वर्णन. ब्रायोझोआ म्हणतात त्या गटातला. तुम्ही त्याला पाहिलेलं असणार, फक्त ओळख झालेली नसणार. समुद्रकाठच्या शिंपल्यावर कधी कधी पांढरट, खरखरीत पापुद्रा दिसतो, भांड्याच्या कडेला साय वाळून बसावी तसा. तो नखानं खरवडू नका. भिंगाखाली धरलात तर कळेल की ती वसाहत आहे. शेकडो कप्पे, एकमेकांना चिकटून ओळीनं बसलेले, आणि प्रत्येक कप्प्यात एक जीव. अर्ध्या मिलिमीटरचं घर, घराला एक तोंड, तोंडाला झाकण. सगळं शांत असलं की झाकण उघडून तो मिशांचा झुबका बाहेर काढतो आणि जेवतो. कशाचा धक्का लागला की आत. सरांचा हा जीव उष्ण समुद्रातला होता, आपल्याच खाडीच्या धक्क्याजवळ सापडलेला, आणि बिननावाचा. सर त्याचं वर्णन लिहायला बसले आणि अर्धं टाकून गेले.

मी वाचायचो, भिंगरी टाइप करायची.

"कप्पे लांबट, सहा कोनी. लांबी सरासरी अर्ध्या मिलिमीटरला जराशी कमी. वरचं कवच चाळणीसारखं छिद्रांचं. तोंड अर्धगोल, खालच्या कडेला बारीक खाच. तोंडाच्या उजव्या अंगाला चोच."

चोच म्हणजे पक्ष्याची नव्हे. वसाहतीतले काही जीव जेवत नाहीत, त्यांना पिल्लं होत नाहीत. त्यांचा नुसता चोचीसारखा चिमटा झालेला असतो, अंगावर कोणी चढलं तर चावायला.

"आपल्या आस्थापना विभागात असा एक होता," मी म्हणालो. भिंगरी खुदकन हसली. तिचं हसू बापासारखंच आहे, आधी डोळ्यांत येतं. मला ते बघवत नाही.

मग तपकिरी गोळीचा भाग आला. कप्प्यातला जीव म्हातारा झाला की आक्रसत जातो आणि त्याची एक तपकिरी गोळी उरते. कप्पा रिकामा पडत नाही, त्याच कप्प्यात नवा जीव उगवतो, आणि ती गोळी त्याच्या अंगाशी तशीच राहते. "बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी जेवले नव्हते," भिंगरी म्हणाली. "मेलेल्याला घरात ठेवून कसं राहायचं, असं विचारलं होतं मी." मी चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली.

पुढची ओळ आदिकप्प्याची होती. सगळी वसाहत एकाच कप्प्यापासून सुरू होते. एक इवलंसं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, शिंपल्यावर बसतं, पहिलं घर बांधतं, मग त्याच्या कडेनं दुसरं, तिसरं, शंभरावं फुटत जातं. त्या पहिल्या घराचा आकार वेगळा असतो, त्याच्या तोंडाभोवती काटे असतात, आणि ते किती आहेत हे सांगितल्याशिवाय वर्णन लंगडं राहतं. सरांनी लिहिलं होतं: "आदिकप्पा अर्धाच आढळला. शिंपला नेमका तिथंच तुटलेला. काटे चार दिसतात. पूर्ण कप्प्यावर किती, सांगता येत नाही."

"हाच हवाय मला," भिंगरी म्हणाली. "बेटावर मिळेल."

बेट. शेवटी ते आलंच. सरांच्या कागदांत 'वितरण' या मथळ्याखाली दोन ठिकाणं होती. एक आपली खाडी. दुसरं दक्षिणेला, जहाजानं अठरा दिवसांवर असलेलं एक उघडंबोडकं बेट, जिथलं पाणी इतकं गार की हात घातला तर बोटं वळत नाहीत. उष्ण पाण्यातला जीव तिथं कसा पोचला, हाच सरांच्या सगळ्या कामाचा गाभा होता. पुरावा एकच: काचेची एक नळी, तिच्यात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा आणि माझ्या अक्षरातलं लेबल. 'बेटाची पूर्व बाजू. नऊ वाव, वाळूचा तळ.' एक वाव म्हणजे सहा फूट.

"नऊ वाव, वाळूचा तळ," भिंगरी पाढा म्हणावा तशी म्हणाली. "काका, माझी जागा नक्की झालीये. संशोधनाचं जहाज निघतंय बारा दिवसांनी. मी स्वतः उतरणार तिथं."

"तू?"

"मग कोण? तिथं जाऊन तो जीव वर आणणारं आपल्या घरातलं दुसरं माणूस उरलंय कोण?"

मी हातातला कागद खाली ठेवला. तिला वाटलं, मला सरांची आठवण आली. आठवण आलीच होती.

आता ती गोष्ट.

एकतीस वर्षांपूर्वी. नोकरीला सात वर्षं झाली होती, म्हणजे नवशिका म्हणून सुटका नाही. एका सर्वेक्षणाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं त्या बेटावरून चार-पाच नमुने पाठवले होते. त्यांची लेबलं आणि आपल्या खाडीच्या नमुन्यांची फिकट झालेली लेबलं नव्यानं लिहायची होती. पद्धत अशी की एका वेळी एकच नळी उघडायची, लेबल काढायचं, लिहायचं, घालायचं, बंद करायची, मग दुसरी. मला घाई होती. दुपारच्या खेळाची तिकिटं होती आणि बायको थिएटरच्या दारात उभी राहणार होती. मी आठ नळ्या एकदम उघडल्या आणि आठ लेबलं वाळत टाकली. भिंगरी शेजारच्या स्टुलावर बसून कागदाचे कोपरे बोटांनी दाबून धरत होती, पंख्यानं उडू नयेत म्हणून. ते तिचं नेहमीचं काम. मग तिला आईची हाक आली, ती उठली, आणि लेबलं उडाली.

सहा नळ्यांचा मेळ लागला. दोन राहिल्या. एकीत शिंपल्याचा तुकडा, वर पापुद्रा. दुसरीत वाळू आणि थोडा चुरा. लेबलंही दोन: एक खाडीचं, एक बेटाचं. नियम सरळ होता. फेकून दे, नाहीतर सरांकडे जा आणि सांग. मी घड्याळाकडे बघितलं. खाडीत कशाला असेल असला देखणा तुकडा, तो लांबूनच आला असणार, असं काहीतरी मनाशी म्हटलं, आणि बेटाचं लेबल शिंपल्याच्या नळीत टाकलं. चित्रपट कोणता होता ते आज आठवतही नाही.

तीन महिन्यांनी सरांनी ती नळी उघडली आणि सगळी इमारत डोक्यावर घेतली. "अरे, हा तर आपलाच! आपल्या खाडीतला! तिकडे कसा गेला हा पठ्ठ्या?" मला मिठी मारली. मला! त्यांनी मधला भाग बघितला, तोंडं बघितली, चोच बघितली. तुटलेली कड बघितली नाही. माणूस आनंदात असला की कडा बघत नाही. मला तेव्हाच शंका आली होती. पण ते इतके खूश होते, आणि मी इतका भित्रा, की तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. उद्या सांगू म्हटलं. उद्या फार झाले.

वर्षभरानं ते बेटावर गेले. चौथ्या दिवशीही पाण्यात उतरले. नावेतल्या लोकांनी दोर ओढला तेव्हा तो रिकामा वर आला.

बातमी आल्यावर तीन आठवड्यांनी मला त्यांचं कार्ड मिळालं. "लेबलवाल्या, कोरी लेबलं भरपूर बांधून दिलीस, पण अजून एकही लिहायची वेळ आली नाही. नऊ वावांवर तीन दिवस शोधलं, वाळू आणि वाळूच. पण तुझं लेबल चुकायचं नाही, म्हणजे मीच नीट बघत नाहीये. उद्या आणखी खोल जातो."

ते कार्ड वाचून मी विभागाचं दार आतून लावलं. खाडीतला मूळ नमुना काढला. तो ब्लीच करून पांढरा केलेला, पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवलेला होता. पाण्यात घालून सुटा केला. नळीतला तपकिरी तुकडा काढला. सरांना सवय होती, शिंपला मोडून अर्धा सुका ठेवायचा, अर्धा ओला. दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. बसले. कुठे फटसुद्धा राहिली नाही. कप्प्यांची ओळ इकडून तिकडे सरळ गेली.

मग मी पांढरा तुकडा परत डिंकानं चिकटवला, तपकिरी नळीत घातला, दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आणि घरी गेलो. बायकोनं विचारलं, डोळे का लाल झालेत. स्पिरिट उडालं म्हणालो. तिलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढची वर्षं मी सरांच्या घराला आधार दिला, असं लोक म्हणतात. भिंगरीच्या शाळेचे फॉर्म मी भरले, तिला सायकल शिकवली, तिच्या तापात दवाखान्याच्या बाकावर बसलो. काय निष्ठावान माणूस आहे, असं सगळे म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

तर, बारा दिवस होते. भिंगरीला जाण्याआधी नळी उघडून तो तुकडा नीट बघायचा होता. मी म्हटलं, "बूच घट्ट बसलंय, जोर लावला तर काच फुटेल, एकच नमुना आहे." तिनं ऐकलं. बुचांच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज गुडघा दुखतोय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आज उजेड बरा नाही. वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तीस वर्षांचा सराव. पाच दिवस उरले तेव्हा वहिनींचा निरोप आला, येऊन जा.

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बैठकीच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, समोरच्या भिंतीवर चौकटीत एक नकाशा, सरांनी हातानं काढलेला. त्यावर तांबड्या शाईचे दोन ठिपके. घरात सरांचा फोटो नाही, हा नकाशाच आहे. चहा देऊन वहिनी समोर बसल्या.

"भाऊजी, तिला अडवा. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी कप उचलला.

"त्या पाण्यानं एकाला नेलंय. मी रोज तो ठिपका बघते. लोकांना वाटतं, म्हातारी झुरते. झुरत नाही हो मी. मी मनाशी म्हणते, एवढ्या लांब पडलेत, पण ज्याच्यासाठी गेले तो जीव आहे ना तिथं, त्यांच्या आजूबाजूला. एकटे नाहीत ते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तेवढ्यावर तर मी दिवस काढले. पण पोरगी जायला निघाली तशी मला झोप नाही. तुम्ही एकच सांगा. आहे ना तो तिथं नक्की? असेल तर जाऊ दे तिला. बापाचं काम आहे. मी अडवणार नाही."

मी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"मी बोलतो तिच्याशी," म्हणालो, आणि चपला उलट्यासुलट्या घालून बाहेर पडलो. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचा, त्या चित्रपटाचा, सरांचासुद्धा. एवढा हुशार माणूस, एकदा कड बघितली असती तर! पण हे काही खरं नव्हे. कड बघणं त्यांचं काम नव्हतं, लेबल खरं असणं माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीच्या आधी पोचलो. पांढरा तुकडा पाण्यात सोडून डिंक मऊ होऊ दिला. ती आली तेव्हा नळी माझ्या हातात उघडी होती.

"उघडली? फुटेल म्हणत होता ना?"

"कधीच फुटणार नव्हती," मी म्हणालो. "बस. आधी बघ, मग मी बोलतो."

दोन्ही तुकडे मी मायक्रोस्कोपखालच्या काचेवर ठेवले, चिमट्यानं जवळ आणले, लावले आणि बाजूला झालो. तिनं डोळा लावला. फोकस जुळवला. मग अगदी हळू, कामाच्या आवाजात मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार... पाच, सहा, सात, आठ. आठ काटे. आदिकप्पा पूर्ण आहे." वही ओढून तिनं लिहिलंसुद्धा: काटे आठ. आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

संशोधक म्हणून तिला आधी कळलं. मुलगी म्हणून कळायला आणखी अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. देव करो आणि असं कोणाला बघायला न लागो.

"हा एकच शिंपला आहे," ती म्हणाली.

"हो."

"खाडीतला."

"हो. लेबल मी बदललं. चुकून. घाईत. आठ नळ्या एकदम उघडल्या होत्या."

"मी कोपरे धरत होते," ती म्हणाली. तिला तो दिवस आठवला, याचीच मला भीती होती. "आईनं हाक मारली आणि मी उठले."

"तुझा काही संबंध नाही त्यात. अकरा वर्षांची होतीस. मी नियम मोडला, मी अंदाजानं लेबल घातलं, मी गप्प बसलो. सगळं मीच केलं." मी खिशातून सरांचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तीस वर्षांत त्याची घडी विरली होती. तिनं ते वाचलं. 'उद्या आणखी खोल जातो' इथपर्यंत आली, आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे नऊ वावांवर मिळालं नाही म्हणून," ती म्हणाली, "ते आणखी खाली गेले."

मी मान हलवली.

"बाबा गेल्यावर तुम्ही मला सायकल शिकवलीत."

"हो."

"हे तुम्हाला माहीत असताना?"

"हो."

तिनं आवाज चढवला असता, पेपरवेट फेकला असता, तर बरं झालं असतं. तिनं मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, पर्स उचलली आणि म्हणाली, "तुम्ही जा आता." मी गेलो.

चार दिवस फोन आला नाही. मी घरात बसून राहिलो. शेजाऱ्यानं माझ्या दारात बादली ठेवली तरी भांडलो नाही. तो बिचारा घाबरून तब्येत विचारायला आला. जहाज सुटायचा दिवस आला आणि गेला. ती गेली की राहिली, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. "या," एवढंच.

ती खुर्चीतच होती. डोळे सुजलेले. समोर वर्णनाचा कागद छापून ठेवला होता. तिनं तो माझ्याकडे सरकवला आणि मी शेवटची ओळ वाचली. 'वितरण: फक्त खाडीचा धक्का, मूळ ठिकाण. इतरत्र नोंद नाही.' बेटाचं नावही नव्हतं. सरांच्या कामातून त्या एका ओळीनं मधलं हाडच काढून घेतलं होतं. त्यांच्या हातून एवढा एक जीव खरा राहिला, कप्पे, तोंड, चोच आणि आठ काटे.

"नवं लेबल हवंय," ती म्हणाली. "दोन्ही तुकडे आता एकत्र राहतील. लिहा."

"कॉम्प्युटरवर काढतात हल्ली."

"तुम्ही लिहा."

मी दौत उघडली. खाडीचा धक्का. तारीख. संग्राहक म्हणून सरांचं नाव. मग ती म्हणाली, "खाली लिहा, जुनं लेबल चुकीचं होतं. कधी चुकलं, कोणाकडून, तेही." छत्तीस वर्षांत मी हजारो लेबलं लिहिली, एकावरही माझं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नाही. टाक कागदाला लावला. वर पंखा फिरत होता, कागदाचं टोक उडत होतं. भिंगरीनं पुढे होऊन दोन बोटांनी कोपरा दाबून धरला. माझ्याकडे बघितलं नाही. मी नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत तिनं बोटं तशीच ठेवली.

"आईला तुम्ही सांगायचं," मग ती म्हणाली. "मी येईन. पण बोलणार नाही."

त्याच दुपारी आम्ही गेलो. वहिनी खिडकीशी होत्या. भिंगरी राहिली म्हणून त्यांचा चेहरा जरा सैलावला होता, मला बघून त्या चहाला उठायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, बसा." आणि सगळं सांगितलं, आठ नळ्यांपासून कार्डापर्यंत. मध्ये कुठे थांबलो नाही, माफी मागितली नाही; मागायला तोंड कुठे होतं. भिंगरी आईच्या पायाशी जमिनीवर बसून होती.

वहिनी रडल्या नाहीत, मला बोलल्याही नाहीत. त्यांनी समोरच्या नकाशाकडे बघितलं, खालच्या ठिपक्याकडे.

"म्हणजे तो जीव तिथं नाहीच," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कधीच नव्हता."

"नव्हता, वहिनी."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग ते तिथं एकटेच आहेत," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.